अठराशे गाण्यांचा फोल्डर

सकाळची वणी-नाशिक एसटी. खिडकीची जागा मिळाली तर नशीब, नाहीतर दांडीला धरून उभं राहायचं. दिंडोरी येईपर्यंत करायचं काय, हा प्रश्न इयरफोननं केव्हाच सोडवलाय. शेजारच्याच्या कानात काय वाजतंय ते आपल्याला कळत नाही आणि आपल्या कानातलं त्याला कळत नाही. त्यामुळे वणीच्या एसटीत कुणी स्पॅनिश रॉक ऐकत उभं असेल, तर कुणाला पत्ताही लागणार नाही.

असं कुणीतरी असतंच. कदाचित तुम्हीच. कुठल्या तरी सिरीजमध्ये एक गाणं ऐकलेलं असतं. शब्द कळत नाहीत, पण गिटार कळते. मग शोधता शोधता अर्जेंटिनाचा ‘सोडा स्टिरिओ’ सापडतो, मेक्सिकोचा ‘काइफानेस’ सापडतो आणि एक दिवस अख्खा कम्पायलेशन अल्बम हाती लागतो. पंधरा-वीस गाणी, तेवढेच बँड. मग दुसरा अल्बम, मग तिसरा. बघता बघता फोल्डर काही जीबींचा होतो आणि मग खरी गंमत सुरू होते. एकच गाणं तीन अल्बममध्ये तीन वेगवेगळ्या नावांनी येतं. गायकाच्या जागी नुसतं ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’. काही फायलींचं नाव ‘ट्रॅक ०७’, बस्स. कुणी गायलं, कुठल्या देशातलं, कुठल्या वर्षीचं, काही पत्ता नाही. गाणी आहेत ढीगभर, पण तो ढीगच.

या कम्पायलेशनना कमी समजू नका. स्पॅनिश रॉक घराघरांत पोचलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मेक्सिकोत ‘रॉक एन तू इदियोमा’, म्हणजे ‘तुझ्या भाषेतलं रॉक’, या नावानं एका रेकॉर्ड कंपनीनं मोहीम चालवली. अर्जेंटिना, स्पेन आणि मेक्सिकोतल्या बँडची गाणी एकाच अल्बममध्ये आली. वेगवेगळ्या देशांतली पोरं आपापल्या गॅरेजमध्ये जे वाजवत होती, ते सगळं एकाच जातकुळीचं आहे, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात आलं. म्हणजे कुणीतरी बसून निवडलं, एकत्र केलं, त्याला नाव दिलं. त्याआधी १९५८मध्ये रिची व्हॅलेन्स या सतरा वर्षांच्या पोरानं अमेरिकेत ‘ला बाम्बा’ गायलं. ते रॉक म्हणून जगभर गाजलं, पण मूळ गाणं मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागातलं लोकगीत. ते आधी किती जणांनी किती लग्नांत गायलं असेल, त्यांची नावं कुठल्याच फाइलवर नाहीत.

आता जरा वेगळी कल्पना करा. फोन नाही. इंटरनेट नाही. गाण्याची फाइल म्हणजे एका म्हाताऱ्या माणसाचं डोकं. तो माणूस शे-दोनशे कोसांवरच्या एखाद्या संस्थानात राहतो. त्याच्याकडे जे गाणं आहे ते जगात आणखी चार जणांना येत असेल, आणि ते चौघंही त्याचेच भाऊ किंवा मुलगे. तो तुम्हाला ते गाणं ऐकवेल, पण देणार नाही. तुम्ही लिहून घ्यायला लागलात तर मध्येच थांबेल. उद्या तो गेला की गाणंही गेलं. बॅकअप नाही.

अशा परिस्थितीत एका माणसानं गाणी जमवायचं ठरवलं. व्यवसायानं वकील. नाव विष्णू नारायण भातखंडे.

वाळकेश्वर ते कराची

१० ऑगस्ट १८६०, गोकुळाष्टमीचा दिवस. मुंबईत वाळकेश्वरला भातखंडेंचा जन्म झाला. घर मध्यमवर्गीय, पण घरात गाण्याची आवड होती. शाळेत असतानाच विष्णूला बासरीचा नाद लागला, पुढे सतार हाती आली. सतार शिकायला वल्लभदास दामुलजी हे गुरू मिळाले. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलानं गाण्याबजावण्याच्या नादी लागणं म्हणजे वाया जाणं, अशीच समजूत होती. त्यामुळे त्यांनी अभ्यास सोडला नाही. १८८५मध्ये बी. ए. झाले, १८८७मध्ये वकिलीची परीक्षा पास झाले. काही काळ कराचीत वकिली केली, मग मुंबईत परतले.

बी. ए. व्हायच्या एक वर्ष आधी, १८८४मध्ये, त्यांच्या आयुष्यात एक संस्था आली. गायन उत्तेजक मंडळी. मुंबईतल्या पारशी मंडळींनी १८७०मध्ये काढलेला हा संगीताचा क्लब. तिथे मोठमोठे गवई यायचे, गायचे, सभासदांना शिकवायचे. भातखंडे सभासद झाले आणि तिथेच त्यांचं जमवणं सुरू झालं. रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं घेतली. अली हुसेन आणि विलायत हुसेन यांच्याकडून ख्याल घेतले. एकेका गुरूकडून शेकड्यांनी. दिवसा कोर्ट, संध्याकाळी मंडळी, आणि रात्री घरी बसून ऐकलेलं कागदावर उतरवायचं. तुमच्यापैकी जे पार्टटाइम काम करून कॉलेज करतात त्यांना हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल.

मात्र गाणी वाढत गेली तशी अडचणही वाढली, आणि ती तुमच्या फोल्डरसारखीच होती. एकच राग दोन गवई वेगवेगळा गायचे. एक म्हणे यात निषाद कोमल, दुसरा म्हणे शुद्ध. एकाच चिजेचे शब्द तीन ठिकाणी तीन प्रकारचे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: आमच्या घराण्यात असंच आहे. हे खरं की ते, ठरवायचं कसं? नियम कुठे लिहिलेत? जुने संस्कृत ग्रंथ उघडले तर त्यांतले राग आणि समोर गायले जाणारे राग यांचा मेळच बसेना.

याच काळात घरावर आघात झाले. १९००मध्ये पत्नी गेली. १९०३मध्ये मुलगी गेली. चाळिशी ओलांडलेला माणूस रिकाम्या घरात उरला. वकिली हळूहळू मागे पडली आणि काही वर्षांनी सुटलीच. हा गाण्यांचा शोध त्यांच्यासाठी छंद उरला नाही. तेच त्यांचं आयुष्य झालं.

प्रश्नांची वही घेऊन

१८९६मध्ये ते गुजरात-काठियावाडात जाऊन आले होतेच. १९०४मध्ये दक्षिणेत निघाले. मद्रास, तंजावर, आणि अगदी खाली एट्टयपुरम. तिथे सुब्बराम दीक्षितर भेटले. दीक्षितरांनी आपल्या परंपरेतल्या रचना स्वरलिपीसह छापल्या होत्या आणि तो प्रचंड ग्रंथ नेमका त्याच वर्षी बाहेर आला होता. आपल्याला जे करायचंय ते दक्षिणेत एका म्हाताऱ्या माणसानं करून दाखवलंय, हे पाहून भातखंडेंना काय वाटलं असेल, विचार करा. तिथेच त्यांना सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीची ७२ मेळांची व्यवस्था नीट समजली. मेळ म्हणजे सात स्वरांचा साचा. एका साच्यातून अनेक राग निघतात. आजच्या भाषेत सांगायचं तर राग ठेवायला ७२ फोल्डर.

१९०७मध्ये हैदराबाद, कलकत्ता. १९०८मध्ये प्रयाग, बनारस, लखनौ, दिल्ली, मथुरा, जयपूर, बिकानेर, उदयपूर. आगगाडीच्या डब्यात बसून, अनोळखी गावात उतरून, ओळखीच्या चिठ्ठ्या घेऊन एकेका पंडिताच्या, खाँसाहेबांच्या दारात उभं राहायचं. सोबत आधीच तयार केलेले प्रश्न. हा राग तुम्ही कोणत्या आधारावर गाता? याचा वादी स्वर कोणता? हा ग्रंथ तुम्ही वाचलाय का? संस्थानांच्या ग्रंथसंग्रहांत जायचं, हस्तलिखितं बघायची, नकला करून घ्यायच्या. रोज रात्री डायरी लिहायची. कोण भेटलं, काय म्हणालं, कुणाला खरंच येतं आणि कोण नुसता आव आणतं, सगळं.

प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं सगळीकडे स्वागत होत नाही. गवयांच्या बाजूनंही बघा. चीज हीच त्यांची जमीन, तीच त्यांचं सोनंनाणं. मुलीच्या लग्नात जावयाला चिजा दिल्या जात, असं जुने लोक सांगतात. राजाच्या दरबारात नोकरी टिकायची ती ‘हे फक्त यांच्याकडेच आहे’ या एका गोष्टीवर. मुंबईचा कुणी वकील येतो, वही काढतो आणि म्हणतो, मला ते लिहू द्या, मी ते छापून सगळ्यांना देणार आहे. कोण कबूल होईल?

तरी काही जण झाले. जयपूरच्या मनरंग घराण्याचे महंमद अली खाँ. त्यांचे चिरंजीव आशिक अली खाँ यांच्याकडून घरातल्या शेकडो रचना मिळाल्या आणि त्यांतल्या बऱ्याच फोनोग्राफवर ध्वनिमुद्रित झाल्या. फोनोग्राफ म्हणजे मेणाच्या नळकांडीवर आवाज कोरणारं यंत्र. एका नळकांडीत जेमतेम दोन ते चार मिनिटं मावायची, आणि प्रत्येक वेळी वाजवलं की मेण थोडं झिजायचं. म्हणजे जितकं ऐकाल तितकं गाणं पुसट. त्यामुळे ऐकून लगेच कागदावर उतरवायला हवं.

दुसरा किस्सा रामपूरचा. तिथे वझीर खाँ नावाचे थोर बीनकार होते, तानसेनाच्या परंपरेतले. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ स्वतः त्यांचे शिष्य. त्या घरची विद्या बाहेरच्याला मिळणं अवघडच. मग पन्नाशी ओलांडलेले भातखंडे, ज्यांचं नाव तोवर देशभर झालं होतं, ते नवाबांचे शागीर्द झाले. गंडा बांधून घेतला. एका बी. ए., एलएल. बी. झालेल्या, ग्रंथ लिहिलेल्या माणसानं पुन्हा विद्यार्थी होऊन खाली बसायचं, तेही फक्त काही रचना बुडू नयेत म्हणून.

टॅग कसे लावायचे?

जमवणं ही अर्धी गोष्ट झाली. आता ते लावायचं कसं?

भातखंडेंपुढे दोन कामं होती. पहिलं, गाणं कागदावर उतरवायची एक सोपी लिपी. दुसरं, शेकडो रागांना बसवायची एखादी रचना.

लिपी त्यांनी अशी केली की सातवी-आठवीतल्या मुलालाही तासाभरात कळावी. नेहमीचे सा रे ग म प ध नि. स्वर कोमल असेल तर खाली आडवी रेघ. मध्यम तीव्र असेल तर वर उभी रेघ. खालच्या सप्तकातला स्वर असेल तर खाली टिंब, वरच्या सप्तकातला असेल तर वर टिंब. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली कंस. समेवर फुली, खालीवर शून्य. झालं. तुमच्या ओळखीत कुणी गाण्याच्या किंवा हार्मोनियमच्या क्लासला जात असेल तर त्याची वही मागून बघा. शंभर वर्षं झाली, खुणा बहुधा याच दिसतील.

त्याच काळात दुसरे एक विष्णू हेच काम वेगळ्या पद्धतीनं करत होते. विष्णू दिगंबर पलुस्कर. नाशिककरांना ते जवळचे, कारण आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी नाशिकमध्ये रामनाम आधाराश्रम काढला होता. त्यांची लिपी वेगळी, खुणा जास्त, बारकावे जास्त. म्हणजे एकाच गाण्याचे दोन फॉरमॅट. आज तुम्ही एमपीथ्री की फ्लॅक यावर भांडता ना, तसंच. पण शिकायला सोपा असलेला फॉरमॅट जास्त पसरतो, आणि भातखंडेंची लिपी पसरली.

सोपेपणाची किंमतही असते. एमपीथ्री काय करते? आवाजाचा जो भाग कानाला सहसा जाणवणार नाही तो काढून टाकते आणि फाइल लहान करते. स्वरलिपीही तेच करते, फक्त ती जे काढते ते कानाला चांगलंच जाणवतं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड, आवाजाची जात, बोल म्हणताना घेतलेला श्वास, यातलं फार थोडं कागदावर येतं. पुस्तकातून गाणं शिकता येत नाही असं उस्ताद म्हणत आणि त्यांचं चूक नव्हतं. हे भातखंडेंनाही ठाऊक होतं. म्हणून तर ते स्वतः शेवटपर्यंत गुरूसमोर बसून ऐकत राहिले. पण त्यांच्यापुढे ‘पूर्ण गाणं की अर्धं गाणं’ असा पर्याय नव्हताच. पर्याय होता अर्धं गाणं की काहीच नाही.

दुसरं काम रागांच्या रचनेचं. दक्षिणेतले ७२ मेळ समोर होते, पण उत्तरेत प्रत्यक्ष गायले जाणारे राग त्यांनी दहा थाटांत बसवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. दहा फोल्डर. यात एक धाडसाची गोष्ट होती. जुन्या ग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा आज लोक काय गातात याला त्यांनी वजन दिलं. हजारो वर्षांपूर्वीचं शुद्ध संगीत आजही तसंच गायलं जातं, असा अभिमान बाळगणारे तेव्हा पुष्कळ होते. भातखंडेंनी पुरावा मागितला आणि पुरावा सापडला नाही, असं स्पष्ट लिहिलं.

पण फोल्डर केले की एखादी फाइल अशी निघतेच जी कुठेच नीट बसत नाही. ललित राग घ्या. त्यात दोन्ही मध्यम एकमेकांना चिकटून येतात. भातखंडेंनी तो मारवा थाटात ठेवला आणि तो तिथे अवघडूनच बसलाय, असं आजही जाणकार म्हणतात. भूपाळी आणि देशकार यांचे स्वर सारखेच, पण एक कल्याण थाटात, दुसरा बिलावलमध्ये, कारण त्यांची चाल वेगळी. ‘ला बाम्बा’ लोकगीताच्या फोल्डरमध्ये टाकायचं की रॉकच्या, हा तुमचा प्रश्न याच जातीचा आहे.

जमवलं, आणि वाटून टाकलं

१९१०मध्ये दोन पुस्तकं आली. एक संस्कृतात, ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’, चतुर पंडित या टोपणनावानं. दुसरं मराठीत, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग. हे मराठी पुस्तक म्हणजे गुरू-शिष्याच्या गप्पा. शिष्य शंका काढतो, गुरू समजावतो, मध्येच चिमटे काढतो. असे चार भाग झाले, शेवटचा १९३२मध्ये. गंमत म्हणजे या मराठी पुस्तकात गुरुजी चतुर पंडितांचा आधार असा देतात की जणू ते कुणी वेगळेच मोठे पंडित आहेत. स्वतःच स्वतःचा साक्षीदार. वकिलाचा हा डाव आज आपल्याला खटकेल. त्या काळी संस्कृत श्लोकाशिवाय कुणी ऐकत नव्हतं, हे त्यामागचं कारण असावं.

मग १९२०च्या सुमारास सुरू झाली ‘क्रमिक पुस्तक मालिका’. वर्षानुवर्षं जमवलेला सगळा ऐवज. सहा भाग, सुमारे अठराशे रचना, स्वरलिपीसह. पहिल्या भागात सोपे, रोजचे राग, आणि भाग वाढत जातील तसे अवघड आणि दुर्मीळ. म्हणून ‘क्रमिक’. त्यांत त्यांच्या स्वतःच्या रचनाही आहेत, त्यातल्या काहींवर ‘हररंग’ ही मुद्रा. ज्या चिजेसाठी शिष्यानं उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरावं, ती चीज आता पुस्तक विकत घेणाऱ्या कुणालाही मिळू लागली. मुलगी असो, मुलगा असो, कुठल्याही जातीचा, कुठल्याही गावचा. मूळ पुस्तकं मराठीत होती. पुढे हाथरसहून त्यांचे हिंदी अनुवाद निघाले आणि ती उत्तर भारतभर गेली.

पुस्तकांबरोबर संस्था. १९१६मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. एकमेकांचं तोंड न बघणारे गवई आणि पंडित एका मांडवात बसून रागांवर वाद घालू लागले. पुढे दिल्ली, बनारस, लखनौ इथे परिषदा झाल्या. १९१८मध्ये माधवराव शिंद्यांच्या ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघालं. १९२६मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. तिथे पुढे प्राचार्य झाले ते त्यांचेच शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. त्या कॉलेजचं आज विद्यापीठ झालंय आणि त्याला नाव आहे भातखंडेंचं.

१९३३मध्ये अर्धांगवायूनं त्यांना अंथरुणाला खिळवलं. तीन वर्षं तशीच गेली. मालिकेचे शेवटचे दोन भाग छापून हातात पडायच्या आत, १९ सप्टेंबर १९३६ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, ते गेले. पाचवा आणि सहावा भाग त्यांच्या पश्चात आला.

एक कॉलम रिकामा

इथे थांबलं तर ही नुसती आरती होईल. म्हणून एक अवघड गोष्टही सांगायला हवी.

भातखंडेंनी ज्यांच्याकडून घेतलं त्यांतले कितीतरी मुसलमान उस्ताद होते. त्यांच्या गाण्याबद्दल भातखंडेंना आदर होता, पण त्यांच्या अडाणीपणाबद्दल त्यांनी तिखट लिहिलंय. ग्रंथ वाचत नाहीत, कारण सांगता येत नाही, असा त्यांचा सूर. जानकी बखले यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवलंय. ज्यांनी शेकडो वर्षं हे संगीत कुठल्याही पुस्तकाशिवाय जिवंत ठेवलं, त्यांनाच पुस्तक येत नाही म्हणून कमी लेखायचं, हे बरोबर नाही. शिवाय पुस्तकात छापलेली चीज हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला राग कळतो, ताल कळतो, पण ती कुणाच्या गळ्यातून, कुणाच्या घरातून कागदावर आली, हे प्रत्येक पानावर दिसत नाही. तुमच्या फोल्डरमधल्या ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’सारखंच.

याच काळातली दुसरी एक आठवण इथे जोडतो. १९०२मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांची गाणी ग्रामोफोनसाठी मुद्रित झाली. तबकडी संपता संपता त्या आपलं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगत. कारण साधं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या आणि तिथल्या कामगारांना कळायला हवं की ही कुणाची. पण त्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरही त्या गाण्याला बाईंचं नाव चिकटून आहे. लेबल हरवलं तरी आवाजच सांगतो, मी कोण. ज्यांच्याकडे यंत्र होतं त्यांचं नाव राहिलं. ज्यांच्याकडे भातखंडेंची वही पोचली त्यांचं गाणं राहिलं, नाव मात्र काहींचंच. आणि ज्यांच्याकडे दोन्ही पोचलं नाही, त्यांचं काय गेलं याचा हिशेबच नाही.

आता पुन्हा वणीत या.

चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या दिंड्या तुम्ही लहानपणापासून बघताय. भर उन्हात, पायांना फोड आलेल्या बाया देवीची गाणी म्हणत गडाकडे निघालेल्या असतात. अहिराणीत म्हणतात, मराठीत म्हणतात. तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील. गल्लीत कुणी संबळ वाजवणारे असतील, ज्यांची मुलं आता वाजवत नाहीत. यातलं काही तुमच्या फोल्डरमध्ये आहे? मेक्सिकोतलं लग्नातलं गाणं आहे आणि आपल्या घरातलं नाही, यात लाज वाटायचं कारण नाही. गाण्याला पासपोर्ट लागत नाही. भातखंडेही मुंबईचे असून एट्टयपुरमला गेलेच की. पण त्यांना आगगाडी, ओळखीची चिठ्ठी, मेणाची नळकांडी आणि उस्तादाची मनधरणी लागली. तुम्हाला खिशातला फोन पुरेल.

फक्त दोन गोष्टी करा. पहिली, विचारून रेकॉर्ड करा. गाणाऱ्या बाईला सांगा की हे मी ठेवणार आहे आणि कुणाला ऐकवणार आहे. ती नको म्हणाली तर नको. दुसरी, फाइल सेव्ह करताना तिचं नाव ‘व्हॉइस ००३’ राहू देऊ नका. कुणी म्हटलं, कुठल्या गावची, गाणं तिला कुणी शिकवलं, कुठल्या दिवशी, कुठे बसून, एवढं लिहा. गाणारीलाच रेकॉर्डिंगच्या शेवटी स्वतःचं नाव सांगायला लावा, गौहर जानसारखं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि स्पॅनिश रॉकचा फोल्डरही याच रविवारी आवरायला घ्या. एकेक ‘ट्रॅक ०७’ उघडा, बँड शोधा, देश लिहा, वर्ष लिहा. मग तो मित्राला द्या. एसटीत शेजारी उभ्या असलेल्याला एक इयरफोन काढून दिलात तरी चालेल. दिंडोरी यायला अजून वेळ आहे.